नावे आणि जमा

मराठीत ‘नाव’ या शब्दाचे जेवढे हाल होतात तेवढे दुसऱ्या कुठल्या शब्दाचे होत नसतील. बारशाला बाळाचे नाव ठेवतात आणि बाळ जरा मोठे झाले की त्यालाच नावे ठेवतात. पहिला नंबर आला तर त्याने घराण्याचे नाव काढले, नापास झाला तर घराण्याचे नाव घालवले. लग्नात बायको नवऱ्याचे नाव घेते, तेही आग्रह केल्यावर. पुढे जन्मभर कोणीही आग्रह न करता त्याच्या नावाने खडे फोडते. मग घर कोणाच्या नावावर करायचे यावरून भावाभावांत कोर्टकचेरी होते, आणि शेवटी एके दिवशी रेशनकार्डावरून नाव कमी होते. इतके झाले की माणूस नावापुरता उरतो.

हे सगळे कमी पडले म्हणून की काय, आम्हा कॉमर्सवाल्यांनी त्यात आणखी भर घातली. जमाखर्चाच्या वहीत जिला इंग्रजी शिकलेले लोक डेबिट म्हणतात तिला आपण ‘नावे’ म्हणतो. नियम अगदी सोपा आहे. ज्याला काही दिले ते त्याच्या नावे टाकायचे, ज्याने काही दिले ते त्याचे जमा धरायचे. बी.कॉम.ला तीन वर्षे घालवून माझ्या पदरात खात्रीने पडलेले ज्ञान ते एवढेच. पण या एका वाक्यात मला सगळे अध्यात्म दिसते. बघा ना, बारशाच्या दिवशी आपण काडीचाही उद्योग केलेला नसतो आणि तरी आपल्याला एक आयती वस्तू मिळते. ती म्हणजे नाव. घेणारे आपण, तेव्हा नियमाप्रमाणे ती आपल्या नावे पडणार. म्हणजे माणसाचे खाते उघडते तेच मुळी नावे बाजूने. पुढे हयातभर जमेला काय येते ते पाहायचे.

बँकेत एकाच नावाचे दोन खातेदार हा प्रकार रोजचाच. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, सगळे जुळते. आमच्या शाखेत असे एक जोडपे आहे. एक निवृत्त हेडमास्तर, दुसरे कापडाचे व्यापारी. हेडमास्तर महिन्याच्या सुरुवातीला पेन्शन काढायला येतात आणि व्यापारी महिनाअखेरीस ओव्हरड्राफ्ट वाढवून मागायला येतात. कॉम्प्युटर आला, चौदा-पंधरा आकडी खाते नंबर आले, पॅन आले, आधार आले. तरी आमचा शिपाई त्यांना ‘पेन्शनवाले’ आणि ‘ओव्हरड्राफ्टवाले’ असेच ओळखतो. मला विचाराल तर रिझर्व्ह बँकेने केलेल्या सगळ्या नियमांपेक्षा या शिपायाची पद्धत जास्त शास्त्रीय आहे. नावावरून माणूस कळत नाही. तो कळतो नोंदींवरून.

माझ्या नावाचे एक दंतवैद्य आमच्याच उपनगरात आहेत. रात्री दहाला फोन येतो, “डॉक्टर, दाढ फार ठणकतेय हो!” सुरुवातीला मी ‘राँग नंबर’ म्हणून फोन ठेवत असे. पण ठणकणाऱ्या दाढेला राँग नंबर कळत नाही, ती पुन्हा फोन करते. आता मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगतो आणि सकाळी दवाखान्यात जा म्हणतो. गेल्या दिवाळीत अशाच एका पेशंटाने कृतज्ञतेने माझ्या घरी पेढ्यांचा पुडा पाठवला. पुडा आमच्याकडे जमा आणि दाढ डॉक्टरांच्या नावे, असा हिशेब आम्ही मिटवला.

तर सांगायचा मुद्दा असा की जे बँकेत तेच इतिहासात. किंबहुना इतिहासात जरा जास्तच, कारण तिथे खाते नंबर नसतो. आमच्या शेजारचे मास्तर सांगतात की, एका मुलाने उत्तरपत्रिकेत लिहिले होते, “शाहू महाराजांनी 1720 साली बाजीरावाला पेशवाई दिली आणि 1902 साली मागासवर्गीयांना नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या.” दोन्ही गोष्टी खऱ्या, दोन्ही साले अचूक! फक्त पेशवाई देणारे शाहू छत्रपती साताऱ्याचे, 1682 ते 1749. आणि जागा राखून ठेवणारे राजर्षी शाहू कोल्हापूरचे, 1874 ते 1922. त्या मुलाने दोन खाती एकत्र करून महाराजांना दोनशे चाळीस वर्षांचे आयुष्य दिले. मास्तरांनी त्याला शून्य मार्क दिले. मी अर्धे तरी दिले असते. नोंदी बरोबर होत्या, नुसते खाते चुकले होते.

नातवाला आजोबांचे नाव ठेवायची आपल्याकडे जुनी चाल. त्यात हेतू असा की आजोबांचे गुण नातवात उतरावेत. या योजनेचे काय होते ते पाहायचे असेल तर दोन बाजीराव पाहावेत. थोरले बाजीराव विसाव्या वर्षी पेशवे झाले, वीस वर्षे घोड्यावर बसून काढली, लढाई हरले नाहीत अशी ख्याती मिळवली आणि 1740 मध्ये नर्मदेकाठी रावेरखेडी येथे चाळिशीत वारले. जन्मभर कर्जाने गांजलेले होते. सावकारांच्या तगाद्याने जीव नकोसा झाल्याची पत्रे त्यांनी ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिली आहेत. दुसरे बाजीराव म्हणजे त्यांचा सख्खा नातू, राघोबादादांचा मुलगा. नाव तेच, गादी तीच. त्यांनी 1818 मध्ये राज्य इंग्रजांच्या स्वाधीन केले आणि वर्षाला 8 लाख रुपये पेन्शन घेऊन ते गंगेकाठी बिठूरला जाऊन राहिले. लोकांनी त्यांना ‘पळपुटा’ म्हटले. हे आता काही फार दिवस जगत नाहीत, असा कंपनी सरकारचा होरा होता. पण पेन्शनर किती जगेल याचा अंदाज भल्याभल्या बँकांना येत नाही, तो कंपनीला काय येणार? बाजीराव 1851 पर्यंत जगले. आठ लाख गुणिले बत्तीस वर्षे, म्हणजे 2 कोटी 56 लाख. पराक्रम करणारा आजोबा कर्जात गेला आणि राज्य घालवणारा नातू पेन्शन खात गेला. आमच्या शाखेतले हेडमास्तर आणि व्यापारी यांच्यातसुद्धा एवढा फरक नाही.

नातेगोते नसलेल्या नावबंधूंची गंमत आणखी वेगळी. एकोणिसाव्या शतकात दोन विष्णुशास्त्री होऊन गेले. विष्णुशास्त्री पंडित ‘इंदुप्रकाश’चे संपादक. विधवांची लग्ने व्हावीत म्हणून त्यांनी शास्त्रार्थ केले, शिव्या खाल्ल्या आणि पहिली पत्नी वारल्यावर स्वतः विधवेशी लग्न करून बोलण्याप्रमाणे चालून दाखवले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 मध्ये ‘निबंधमाला’ काढली आणि सुधारकांवर अशी लेखणी चालवली की आजही ती वाचताना सुधारकाची बाजू घेणाऱ्याला टोपी सांभाळावी लागते. ‘विष्णुशास्त्री म्हणतात’ असे कोणी म्हटले तर कोणते विष्णुशास्त्री हे आधी विचारावे लागे. उत्तरावर पुढचे भांडण अवलंबून!

पण या सगळ्या नावबंधूंत मला सर्वांत आवडणारे त्रिकूट म्हणजे ‘बाळ गंगाधर’. तुम्ही म्हणाल, यात त्रिकूट कसले? बाळ गंगाधर म्हणजे टिळक, पहिलीतले पोरही सांगेल. तेच तर म्हणतो मी. हे नाव ऐकले की आपण डोळे मिटून सगळे लोकमान्यांच्या खात्यात भरतो. वास्तविक या नावाची तीन खाती आहेत, तिन्ही कोकणातली, तिन्ही जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात उघडलेली, आणि तिन्ही भरलेली.

पहिले बाळ गंगाधर म्हणजे जांभेकर. जन्म 1812 चा, गाव पोंभुर्ले. 1981 मध्ये जिल्हा फुटल्यापासून हे गाव सिंधुदुर्गात गेले. मुंबईत येऊन ते इंग्रजी शिकले, आणि असे शिकले की विशी-बाविशीतच एल्फिन्स्टनमध्ये शिकवू लागले. गणित आणि खगोल हे त्यांचे खास विषय. 6 जानेवारी 1832 रोजी त्यांनी ‘दर्पण’ काढले, एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी. म्हणजे साहेबाला कळावे म्हणून इंग्रजी आणि आपल्याला कळावे म्हणून मराठी. हे मराठीतले पहिले वर्तमानपत्र. 1840 मध्ये ‘दिग्दर्शन’ मासिक काढले, कुलाब्याच्या वेधशाळेचे काम पाहिले, शाळांसाठी पुस्तके लिहिली, 1845 मध्ये ज्ञानेश्वरी पहिल्यांदा छापून काढली. मिशनऱ्यांच्या घरी राहून आलेल्या श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाला प्रायश्चित्त देऊन पुन्हा जातीत घ्यावे म्हणून 1843 मध्ये त्यांनी खटपट केली, तेव्हा सनातन्यांनी त्यांच्याशीच वाकडे धरले. आणि 1846 च्या मे महिन्यात तापाने ते वारले. वय अवघे चौतीस.

मी चौतीस वर्षांचा होतो तेव्हा माझ्या खात्यात जमेला काय होते, हे आठवून पाहिले. पगारवाढ एक, खात्याची परीक्षा एक, आणि सोसायटीच्या चिटणीसपदासाठी दोन मतांनी झालेला पराभव. त्यानंतर मी असली तुलना करायची सोडून दिली.

दुसरे बाळ गंगाधर 23 जुलै 1856 रोजी रत्नागिरीला जन्मले. पहिल्यांना जाऊन दहा वर्षे झाली होती. आमच्या खात्यात दहा वर्षे खात्यावर उलाढाल झाली नाही आणि कोणी हक्कही सांगितला नाही, तर शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या फंडात जमा करावी लागते, असा 2014 पासूनचा नियम आहे. ‘बाळ गंगाधर’ हे नाव तसे अगदी शेवटच्या घटकेला वाचले म्हणायचे. आणि वाचले तेही आडवाटेने. कारण टिळकांचे पाळण्यातले नाव केशव. ‘बाळ’ हे घरात हाक मारायचे नाव. ते असे चिकटले की केशव मागे पडला. रत्नागिरीच्या त्या घरातल्या माणसांनी मुलाला शिस्तीत केशव म्हणून हाक मारली असती, तर मराठी शाळांतले निम्मे निबंध ‘केशव गंगाधर’ या नावाने सुरू झाले असते.

टिळकांची जमा बाजू मी सांगायला नको. मला त्यांच्या आयुष्यात मौज वाटते ती पहिल्यांशी जुळणाऱ्या नोंदींची. तेही गणिताचे, हेही गणिताचे. तेही शिक्षक, हेही शिक्षक. 1880 चे न्यू इंग्लिश स्कूल यांचेच. त्यांचे ‘दर्पण’ मराठी-इंग्रजी, तर 1881 मध्ये यांचा ‘केसरी’ मराठीत आणि ‘मराठा’ इंग्रजीत. त्यांनी आकाश पाहून पोरांना खगोल शिकवला, यांनी ‘ओरायन’ लिहून नक्षत्रांवरून वेदांचा काळ काढला. पण पहिल्यांना सरकारने जस्टिस ऑफ द पीस केले आणि दुसऱ्यांना त्याच सरकारने तीनदा आत टाकले. 1882 मध्ये कोल्हापूर प्रकरणात डोंगरीला, 1897 मध्ये दीड वर्षाची सक्तमजुरी, आणि 1908 मध्ये सहा वर्षे. शेवटच्या वेळी ज्युरीत सात विरुद्ध दोन मते पडली आणि 22 जुलैच्या रात्री शिक्षा सुनावली गेली. दुसऱ्या दिवशी त्यांचा वाढदिवस होता. मंडालेला बसून त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. एकांत हवा म्हणून हिल स्टेशनला जाणाऱ्या आमच्यासारख्या लेखकांनी याची नोंद घ्यावी.

तिसरे बाळ गंगाधर म्हणजे खेर. जन्म 1888, रत्नागिरीच. ज्या मुंबई हायकोर्टात दुसऱ्यांना शिक्षा झाली त्याच हायकोर्टात हे सॉलिसिटर झाले. मृदू बोलणारे, संस्कृतात रमणारे गृहस्थ. गांधींच्या चळवळीत तेही तुरुंगात जाऊन आले. आणि 1937 मध्ये मुंबई प्रांताचे पहिले काँग्रेसचे पंतप्रधान झाले. तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत. 1939 मध्ये युद्धाच्या प्रश्नावर राजीनामा दिला, 1946 मध्ये पुन्हा आले आणि 1952 पर्यंत राहिले. दुसऱ्यांनी 1908 मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांवरच्या निरोधनाला पाठिंबा दिला होता. तिसऱ्यांच्या सरकारने मुंबईत दारूबंदी सुरू केली ती तारीख 1 ऑगस्ट 1939, म्हणजे टिळकांची पुण्यतिथी. दारूबंदीचे पुढे काय झाले ते आपण सगळे जाणतोच, पण नोंद टाकणाऱ्याने तारीख हिशेबानेच निवडली म्हणायची. टिळक 1918 मध्ये विलायतेला गेले ते चिरोलवर फिर्याद लावायला, आणि हरून परत आले. खेर 1952 मध्ये विलायतेला गेले ते भारताचे हाय कमिशनर म्हणून. 1955 मध्ये राजभाषा आयोगाचे अध्यक्ष झाले आणि 1957 मध्ये वारले.

एका वाक्यात सांगायचे तर पहिले बाळ गंगाधर सरकारच्या नोकरीत, दुसरे सरकारच्या कोठडीत आणि तिसरे सरकारच्या खुर्चीत. लोकांनी या तिघांना ओळखायची सोयही फार मार्मिक केली. पहिल्यांना म्हणाले बाळशास्त्री, दुसऱ्यांना बळवंतराव, तिसऱ्यांना बाळासाहेब. शास्त्री, राव आणि साहेब! शंभर-सव्वाशे वर्षांत महाराष्ट्रात मोठेपणा कोणत्या रस्त्याने गेला हे सांगायला ग्रंथ कशाला लिहायचा? एवढी तीन शेपटे पुरेत.

आता मी कारकून माणूस. तीन खाती समोर आली की आपोआप एकाची नोंद दुसऱ्याशी ताडून पाहतो. आणि इथे मला एक चमत्कार दिसतो. एल्फिन्स्टनमध्ये पहिल्या बाळ गंगाधरांच्या हाताखाली शिकलेल्या मुलांत एक दादाभाई नौरोजी होते. तेच दादाभाई 1906 मध्ये कलकत्ता काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून ‘स्वराज्य’ हा शब्द बोलले, तेव्हा त्यांच्यासमोर दुसरे बाळ गंगाधर बसलेले होते. म्हणजे जांभेकरांच्या पानावरची शिल्लक दादाभाईंमार्फत टिळकांच्या पानावर आली.

आणखी एक. पुण्याला गणेशखिंडीत गव्हर्नरचा बंगला होता. 22 जून 1897 च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ त्याच बंगल्यात आटोपून रँड परत निघाला आणि वाटेत त्याच्यावर गोळी झाडली गेली. त्यानंतरच्या धरपकडीत ‘केसरी’तल्या मजकुराबद्दल टिळकांना दीड वर्ष झाले. पुढे स्वातंत्र्य आले. 1949 मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाले तेव्हा मुंबई सरकारचे प्रमुख होते बाळ गंगाधर खेर, आणि शिक्षणखात्यात त्यांचे लक्ष पहिल्यापासून. विद्यापीठाला जागा मिळाली ती हाच गव्हर्नरचा बंगला. दुसऱ्या बाळ गंगाधरांच्या नावे दीड वर्ष टाकणारी वास्तू तिसऱ्यांच्या कारकिर्दीत विद्यार्थ्यांच्या नावावर झाली. आणि पहिल्यांचा जन्म तर पोरांना शिकवण्यातच गेला होता. तेरीज जुळली!

थोरल्या बाजीरावांचे नाव सख्ख्या नातवाला ठेवले, रक्त तेच, गादी तीच, वाडा तोच, आणि तरी बाकी पुढे आली नाही. या तिघांचे एकमेकांशी नाते शून्य. त्यांच्यापैकी कोणाचेही नाव दुसऱ्यावरून ठेवलेले नाही. आणि तरी एकाची शिल्लक दुसऱ्याच्या पानावर बिनचूक ओढलेली. वारसा नावातून येत नाही, कामातून येतो, हे म्हणायला सोपे आहे. पण हिशेबाच्या वहीत मांडलेले दिसले की माझ्यासारख्यालाही पटते.

एवढे असून आपण काय केले? गावोगावचे टिळक रस्ते दुसऱ्यांना दिले. तिसऱ्यांना मलबार हिलवरचा एक रस्ता दिला, पण त्याला कित्येक वर्षे लोक रिज रोडच म्हणत. आणि पहिल्यांसाठी वर्षातून एक दिवस ठेवला, 6 जानेवारी, पत्रकार दिन. त्या दिवशी फोटोला हार घालतात आणि दुसऱ्या दिवशी त्याचे वृत्त छापून येते. एकच नाव असले तरी व्याजाचे दर निरनिराळे.

जाता जाता आणखी एक बाब. तिन्ही खात्यांत नावाच्या मधोमध एक गंगाधर आहे. जांभेकरांचे गंगाधरशास्त्री जुन्या वळणाचे विद्वान, मुलाचे पहिले गुरू. टिळकांचे गंगाधरपंत शाळामास्तर. ते 1872 मध्ये वारले तेव्हा मुलगा सोळा वर्षांचा होता, अजून मॅट्रिकही झालेला नव्हता. पुढचे ‘केसरी’, मंडाले, लोकमान्यपण, यातले काहीच त्यांना पाहायला मिळाले नाही. इतिहासाच्या पुस्तकात गंगाधरांचे निराळे पान नसते. त्यांच्या जमेला एकच नोंद. त्यांनी मुलाला ‘बाळ’ म्हणून हाक मारली, आणि मुलगा शास्त्री झाला, लोकमान्य झाला, मुख्यमंत्री झाला, तरी सहीत बाळच राहिला. दुसऱ्या कुठल्या भाषेत साठी उलटलेला, सरकारला घाम फोडणारा माणूस स्वतःला बाळ म्हणवून घेत असेल असे वाटत नाही.

आमच्या खाते उघडायच्या फॉर्मवर ‘वडिलांचे नाव’ असा एक रकाना असतो. बहुतेक लोक तो घाईघाईने भरतात आणि आम्ही त्याहून घाईने वाचतो. त्या रकान्यासाठी बँक काही आकारत नाही आणि काही देतही नाही. सगळ्या फॉर्मात बिनव्याजी ठेव म्हणावी अशी तेवढीच एक.